राख, विभूती आणि बुडालेला गणिताचा तास

ताई, कॅथलिक शाळेत लेंट (ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपासाचा काळ) आला की पहिली-दुसरीच्या पोरांनाही उपास धरायला लावतात का, असं विचारलंय तुम्ही. चर्चचा नियमच तसा नाही. उपासाचं बंधन 18 ते 59 वयाला, तेही राखेचा बुधवार (लेंटचा पहिला दिवस) आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी. त्या दोन दिवशी आणि शुक्रवारी मांसाहार टाळायचा नियमसुद्धा 14 वर्षांपासून पुढे. लहान मुलं फार तर चॉकलेट सोडतात, खाऊचे पैसे दानपेटीत टाकतात.

मी सोलापुरातल्या अशाच शाळेत शिकले. वर्गात घरी तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली मुली, कानडी लिंगायत, उर्दूवाल्या, आम्ही मराठी. राखेच्या बुधवारी एक मैत्रीण कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली, तर बाकावरची लिंगायत पोरगी म्हणाली, "आमच्यात पण लावतात की! पण आडवे पट्टे." बाईंनी गणित बाजूला ठेवून सांगितलं, की मागच्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, चर्चमध्ये मिळालेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. मग विभूती कशाची, यावर बराच वेळ गेला. (गणित बुडाल्याचं दुःख कुणालाच नव्हतं.)

2025 मध्ये तर रमजान 2 मार्चला लागला आणि राखेचा बुधवार 5 तारखेला. अशा वर्षी 'विविधता दिन' म्हणून पोरांना फेटे बांधून फोटो काढण्यापेक्षा तुमच्या घरी उपासाला काय चालतं, एवढं एकमेकांना विचारू द्यावं. साबुदाण्यावरून सुरू झालेली चर्चा खजुरापर्यंत आपोआप जाते.