मदत हवी आहे: भिलारची स्ट्रॉबेरी घाट उतरून साताऱ्यापर्यंत धड कशी आणावी?

डिसेंबरअखेर बारा जण, त्यात चार पोरं. वाई, पसरणी घाट, भिलार आणि संध्याकाळी साताऱ्यात परत.

तोडणी सकाळी दहाच्या आत, कारण उन्हात तापलेलं फळ लवकर मऊ पडतं. हिरवी टोपी ठेवून देठ नखाने खुडायचा. टोक पांढरं असेल तर हात लावू नये, तोडल्यावर स्ट्रॉबेरी गोड होत नाही (पोरांना हे कोण सांगणार!). धुवायची खातानाच.

अडचण घाटाची. दोनपेक्षा जास्त थर झाले की वळणांवर खालचा चेंगरतो. पुठ्ठ्याचे उथळ ट्रे शेतावर मिळतात का, की घरून न्यावेत? स्वतः तोडू देऊन वजनावर पैसे घेणारे शेतकरी कुठल्या बाजूला? आणि परतताना वाईकडे हुरडा मिळेल, की ज्वारी तोवर दुधातच असेल?