मदत हवी आहे: लेक १७ वर्षांची, स्कूटी दारात, १८ पूर्ण व्हायला पाच महिने. कायद्यात बसेल असं काय करता येईल?

रानजाई

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते. अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

आमचं गाव कोरेगाव तालुक्यात, साताऱ्यापासून साधारण १६ किलोमीटर. गाव मुख्य रस्त्याला नाही, फाट्यापासून ३ किलोमीटर आत आहे. लेक साताऱ्यात बारावी सायन्सला आहे. गावात येणारी पहिली एसटी पावणेआठला, तिने गेलं की पहिले दोन तास बुडतात. फाट्यावरून सव्वासहाची गाडी मिळते, पण त्यासाठी साडेपाचला अंधारात घर सोडून चालत जावं लागतं. संध्याकाळी क्लास साडेसहाला सुटतो. मुक्कामी गाडी गावात यायला सव्वाआठ होतात, नाहीतर फाट्यावर उतरून पुन्हा तेच ३ किलोमीटर चालायचे. आत्ता पावसाळा आहे. नोव्हेंबरला कारखाने सुरू झाले की त्याच रस्त्याने उसाच्या डबल ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर.

मिस्टर सैन्यात आहेत, सध्या राजस्थानात. घरी मी, सासूबाई आणि लेक. मी दूध संकलन केंद्रावर काम करते, सकाळ-संध्याकाळ नेमक्या त्याच वेळी मला तिथून हलता येत नाही. दारात ११० सीसीची स्कूटी आहे, मिस्टरांच्या नावावर. माझं लायसन्स आहे, तिचं नाही. ९ जानेवारीला ती १८ वर्षांची होईल.

तिच्या वर्गातल्या चार-पाच मुली गाडी घेऊन येतात, म्हणून घरात रोज हाच विषय. गेल्या आठवड्यात ऑनलाइन फॉर्म भरणाऱ्या एका दुकानात विचारलं तर तो म्हणाला, "सोळाव्या वर्षी विनागिअरचं लायसन्स निघतं, ३,५०० द्या, मी करून देतो."

हे खरं आहे का? ते काढलं तर ती आमची स्कूटी चालवू शकते का? आणि काही झालंच तर जबाबदारी कोणाची, गाडी ज्यांच्या नावावर आहे त्यांची की घरी असलेल्या माझी? मिस्टरांच्या नोकरीवर डाग येईल असं मला काहीही करायचं नाही.

सागरेश्वर

ताई, दुकानदार खरं सांगतोय. आमच्या मुलाचं सोळाव्या वर्षीच काढलं. ऑनलाइन परीक्षा दिली, मी संमतीवर सही केली, मिळालं. दीड वर्ष गाडी चालवतोय, एकदाही अडवलं नाही. काढून टाका, एवढा विचार करू नका.

कोर्टाची पायरी

सागरेश्वर, तुमच्या मुलाला लायसन्स मिळालं हे खरं, पण तो कोणती गाडी चालवतो ते तुम्ही लिहिलं नाहीत. सगळा प्रश्न तिथेच आहे. मी वकील आहे, सातारा-सांगलीकडच्या मोटार अपघाताच्या केसेस पाहते.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४ असं आहे: सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवायला १८ वर्षं पूर्ण हवीत. सवलत एकच. इंजिन ५० सीसीच्या वर नसलेली मोटारसायकल १६ वर्षं पूर्ण झालेल्याला चालवता येते. १८ च्या आत विनागिअरचं शिकाऊ लायसन्स काढताना पालकाची लेखी संमती लागते, ती तुम्ही दिलीत. पण ते लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी आहे. हा नियम झाला तेव्हा रस्त्यावर ल्युना होत्या. आज दुकानात मिळणारी जवळजवळ प्रत्येक स्कूटी १०० सीसीच्या पुढे आहे. लायसन्स हातात आणि चालवायला गाडीच नाही, अशी ही सवलत आहे. लोक विनागिअर एवढा एकच शब्द वाचतात आणि ११० सीसीची किल्ली मुलाच्या हातात देतात.

रानजाईताई, आता तुमचा शेवटचा प्रश्न. १ सप्टेंबर २०१९ पासून कायद्यात कलम १९९अ आलं आहे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. तुमच्या घरात पालक तुम्ही आणि मालक ते, म्हणजे दोघांपैकी कोणीही सुटत नाही. मालक राजस्थानात होता, त्याला माहीत नव्हतं असा बचाव घेता येतो, पण तो तुम्हाला सिद्ध करावा लागतो. मुलाने गाडी नेली ती संमतीनेच नेली, असं कोर्ट आधी गृहीत धरतं.

या कलमात एक सूट आहे. मुलाकडे शिकाऊ किंवा पक्कं लायसन्स असेल आणि त्या लायसन्सला चालणारीच गाडी तो चालवत असेल तर पालकावर हे कलम लागत नाही. सागरेश्वर, ११० सीसीची गाडी असेल तर तुमची सही तुम्हाला वाचवणार नाही. मुलगा १८ चा होईपर्यंत किल्ली काढून घ्या, ही कळकळीची विनंती.

धोमकर

विम्याचं मी सांगतो, आमच्या घरात घडलेलं आहे. चुलतभावाच्या १७ वर्षांच्या मुलाने बापाची गाडी नेली आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांना धडक बसली. मांडी मोडली, दोन ऑपरेशनं झाली. भाऊ म्हणत होता, थर्ड पार्टी विमा आहे, कंपनी बघेल. कंपनीने कोर्टाच्या आदेशाप्रमाणे त्या आजोबांना पैसे दिले, आणि चालवणाऱ्याकडे लायसन्स नव्हतं म्हणून तेच पैसे भावाकडून वसूल करायची परवानगी घेतली. अर्धा एकर विकली. आजोबा अजून काठीवर चालतात, ते वेगळंच. ते आमच्या आळीतलेच, रोज दिसतात. भावाचा मुलगा आता २२ वर्षांचा आहे, गाडीला हात लावत नाही.

रानजाई

वाचून हातपाय गार पडले. धन्यवाद, खरं ते सांगितलंत.

एकच विचारते, राग मानू नका. ती साताऱ्यापर्यंत गाडी नेणारच नाही. घरापासून फाट्यापर्यंतचे ३ किलोमीटर, गावातलाच रस्ता, तिथे तर ट्रॅफिक पोलीस कधीच नसतो. फाट्यावर ओळखीच्या टपरीशी गाडी लावून ती एसटीने जाईल. तेवढं चालेल का?

कोर्टाची पायरी

राग कशाचा, तुमची अडचण खरी आहे. पण नाही चालणार. कायदा सार्वजनिक ठिकाण म्हणतो, आणि लोकांना ये-जा करायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा त्यात येते. गावातला रस्ता, फाटा, देवळापुढचं मैदान, सगळंच. पोलीस नसला तरी रस्ता तोच आहे, आणि उसाची ट्रॉलीही तीच. साधं विनालायसन्स पकडलं तरी कलम १८१ खाली ५,००० दंड, आणि गाडी चालवायला देणाऱ्याला कलम १८० खाली आणखी ५,००० किंवा ३ महिने कैद. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, मुलाच्या वडिलांना अटक झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. तेव्हापासून पालकाचं काय, हा प्रश्न प्रत्येक ठाण्यात पहिल्यांदा विचारला जातो.

मास्तर

ताई, तुम्ही दुसऱ्यांदा लिहिलंत तेव्हा खरी अडचण समोर आली. तुमचा प्रश्न १६ किलोमीटरचा नाहीच, फाट्यापर्यंतच्या ३ किलोमीटरचा आहे. तेवढ्यासाठी गिअर-विनागिअरच्या वाटेला जायची गरज नाही.

आमच्या शाळेतल्या मुली फाट्यापर्यंत सायकलने येतात. पुढे डायनॅमोचा किंवा चार्जिंगचा दिवा, मागे लाल रिफ्लेक्टर, दप्तरावर चमकणारी पट्टी. एकटीला सोडू नका, वाडीतल्या आणखी दोघी-तिघी मिळतात का पाहा. साडेपाचला तिघी निघाल्या की घरच्यांच्याही जिवाला घोर राहत नाही.

चढ फार असेल तर कमी वेगाची इलेक्ट्रिक स्कूटर हा दुसरा मार्ग. मोटर २५० वॅटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर तिला नोंदणी लागत नाही, लायसन्सही लागत नाही. ३ किलोमीटरला २५ चा वेग भरपूर झाला. मात्र घेताना डोळे उघडे ठेवा. काही विक्रेते "लायसन्स लागत नाही" म्हणून गाडी गळ्यात मारतात आणि एक वायर बदलली की ४५ ने पळते हेही कौतुकाने दाखवतात. तशी वायर बदललेली गाडी कायद्याने मोटार वाहनच ठरते, म्हणजे वर वकीलबाईंनी सांगितलेलं सगळं पुन्हा लागू. मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र मागा आणि बिलावर वॅट व वेग लिहून घ्या. लायसन्स लागत नसलं तरी हेल्मेट घालायला लावा.

आणि एसटीचं वेळापत्रक म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. पावणेआठची गाडी सहाला आली तर तुमचा निम्मा प्रश्न सुटतो. ग्रामपंचायतीचा ठराव, कॉलेजचं वेळेचं पत्र आणि विद्यार्थिनींची नावं व पास क्रमांक असा अर्ज आगार व्यवस्थापकांना द्या. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत आहे, त्यामुळे गावातून किती मुली जातात ते त्यांच्याच कागदावर असतं. आमच्याकडे तीन अर्ज केल्यावर गाडी ४० मिनिटं आधी सुटायला लागली.

सागरेश्वर

वकीलताई, गाडी ११० सीसीचीच आहे. मी खरोखर समजत होतो की विनागिअर म्हणजे झालं. सही करताना ५० सीसीचं कोणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलाला आज सांगितलं, तो चिडलाय. मार्चमध्ये १८ पूर्ण होतील, तोपर्यंत मीच सोडायला जाईन. रानजाईताई, माझा आधीचा सल्ला चुकीचा होता, तो धरू नका.

रानजाई

दादा, तुम्ही हे मोकळेपणाने लिहिलंत, त्याबद्दल आभार.

मास्तर, फाट्याच्या अलीकडे ओढ्याचा चढ सोडला तर रस्ता सपाट आहे, सायकल जमेल. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दारात स्कूटी उभी असली की सायकल कोणाला आठवते?

आता जानेवारीचं विचारते. ९ तारखेला १८ पूर्ण झाली की लगेच काय करायचं? आणि दुकानदार ३,५०० मागतो ते बरोबर आहे का? बारावीची परीक्षाही त्याच सुमाराला आहे.

कृष्णाकाठ

हे मी सांगते, गेल्याच वर्षी धाकट्या बहिणीचं काढलं.

घाई अजिबात करू नका. वाढदिवसानंतर परिवहन खात्याच्या सारथी संकेतस्थळावर शिकाऊ लायसन्सचा अर्ज घरूनच भरता येतो. आधारवर पडताळणी होते, रस्ता सुरक्षेचा व्हिडिओ पूर्ण पाहावा लागतो, मग चिन्हांची आणि नियमांची परीक्षा. आधारवरचा मोबाइल नंबर चालू आहे ना, आणि जन्मतारीख दाखल्याशी जुळते ना, ते आत्ताच बघा. बहिणीचे तीन आठवडे त्यातच गेले.

शिकाऊ लायसन्सची फी दर प्रकाराला १५० आणि परीक्षेचे ५०. पक्क्यासाठी चाचणीचे दर प्रकाराला ३०० आणि लायसन्सचे २००, वर थोडं टपाल वगैरे. हिशोब तुम्हीच करा, ३,५०० कुठून आले ते.

शिकाऊ लायसन्स ६ महिने चालतं. पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतर देता येते, म्हणजे तुमच्या बाबतीत फेब्रुवारीत, ऐन परीक्षेत. ते टाळा. बारावी संपू द्या, मुदत जुलैपर्यंत आहे. एप्रिलमध्ये निवांत सराव करून चाचणी द्या. नापास झाली तर ७ दिवसांनी पुन्हा देता येते, पण तीनदा झाली तर ६० दिवस थांबावं लागतं.

अर्ज करताना फक्त विनागिअर टाकू नका, गिअरसहितचं घ्या. विनागिअरच्या लायसन्सवर उद्या तिला गिअरची गाडी चालवता येणार नाही. एकदा काढलं की वयाच्या चाळिशीपर्यंत नूतनीकरण नाही, मग पूर्णच काढावं. सरावाच्या दिवसांत गिअरची गाडी हातात हवी, चाचणीलाही तीच न्यावी लागेल, तिचा विमा आणि पीयूसी चालू असताना.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. शिकाऊ लायसन्स हे एकटीने फिरायचं लायसन्स नाही. सोबत पक्कं लायसन्स असलेली व्यक्ती शिकवायला हवी. पुढे आणि मागे पांढऱ्यावर लाल एल, पाटी किमान १८ सेंटिमीटर चौरस. मागे मैत्रीण बसवायची नाही. त्यामुळे जानेवारीत शिकाऊ लायसन्स आलं तरी कॉलेजला एकटीने गाडी नेता येणार नाही. हे तिला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे वाढदिवसाला हिरमोड नको.

रानजाई

हे तर मला माहीतच नव्हतं. म्हणजे हे कॉलेजचं वर्ष एसटी आणि सायकलवरच काढायचं. काल रात्री तिला शेजारी बसवून हा सगळा धागा वाचून दाखवला. २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही, हे वाचल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, त्या आजोबांचं पुन्हा वाच.

मिस्टरांशी फोनवर बोलले. ते सुट्टीला मेमध्ये येणार आहेत, दिराची गिअरची गाडी आहे, तेव्हा तेच शिकवतील. स्कूटीची दुसरी किल्ली सासूबाईंच्या कपाटात ठेवली. माझी जुनी सायकल माळ्यावरून काढली, टायर-ट्यूब बदलायला टाकली आहे. वाडीतल्या दोघी तयार आहेत, त्यातली एक अकरावीला आहे, म्हणजे पुढच्या वर्षीही अर्जाचा उपयोग होईल. सोमवारी सरपंचांकडे ठरावाचं विचारायला जाते.

मास्तर, तुमच्या गावच्या अर्जाचा मसुदा असेल तर इथे टाकाल का? नावं झाकून टाकली तरी चालेल. आणि पास क्रमांकासोबत प्रत्येकीचा कॉलेजचा बोनाफाईड लागतो का, तेही सांगा.

मास्तर

लागतो. मसुदा शाळेच्या फाइलमध्ये आहे, उद्या दुपारी टाकतो. अर्जाच्या दोन प्रती काढा आणि एकीवर आगारात पोच घ्या, तारखेसकट.