मदत हवी आहे : औषधांवरील लेखाचा मसुदा डॉक्टरांना छापण्याआधी दाखवावा का?

नमस्कार. मी सांगलीत राहतो आणि औषधे, त्यांच्या किमती व डॉक्टर ती कशी लिहून देतात या विषयांवर मुक्त पत्रकार म्हणून लिहितो. डी. फार्म. झाल्यावर काही वर्षे मेडिकलच्या काउंटरवर काढली असल्यामुळे चिठ्ठीवरचे अक्षर मला लागते. मात्र वृत्तपत्राच्या कार्यालयात कधी नोकरी केलेली नसल्याने तिथल्या रीती ठाऊक नाहीत. म्हणून जाणत्यांना विचारतो आहे.

गेल्या वर्षी एका पुरवणीत माझा शेड्यूल एच-१ वरचा, म्हणजे औषध नियमांतील जास्त कडक नोंदींच्या औषधयादीवरचा, लेख आला. १ मार्च २०१४ पासून लागू असलेल्या या तरतुदीनुसार सेफिक्झिम, लिव्होफ्लॉक्सासिन यांसारखी प्रतिजैविके (अँटिबायोटिक्स) देताना विक्रेत्याने डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याची संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षे जपून ठेवायची असते. अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक मात्र साध्या शेड्यूल एच मध्ये येते. चिठ्ठी त्यालाही लागते, पण ही नोंदवही लागत नाही. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मधेच सोडू नये, हे मी शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिले होते. जागेअभावी नेमका तोच परिच्छेद गेला, आणि मथळ्यात ‘विष’ हा शब्द आला, जो माझ्या लेखात कुठेही नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तासगावला आत्याकडे गेलो, तेव्हा तिच्या औषधांच्या डब्यात लेखाचे कात्रण घडी घालून ठेवलेले होते आणि त्याखाली दहा गोळ्यांच्या पट्टीत सात गोळ्या तशाच होत्या. लघवीच्या संसर्गासाठी दिलेला कोर्स तिने तिसऱ्या दिवशी थांबवला होता. “तूच लिहिलंयस ना, मग कशाला घेऊ?” असे ती म्हणाली. तिला त्याच दिवशी पुन्हा डॉक्टरांकडे नेले, पण तेव्हापासून लिहिताना हात अडखळतो.

आता दुसरा लेख हाती आहे, जेनेरिक नावांवरचा, म्हणजे कंपनीच्या ब्रँडऐवजी औषधाचे मूळ नाव लिहिण्यावरचा. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीत २०१६ साली दुरुस्ती होऊन जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावे असे ठरले. ऑगस्ट २०२३ मध्ये, परिषदेच्या जागी आलेल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने याबाबत अधिक कडक नियम आणले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. मिरजेतील एका ज्येष्ठ डॉक्टरांनी यावर दीड तास दिला. नुसते जेनेरिक नाव लिहिले तर कोणत्या कंपनीची गोळी द्यायची हे काउंटरवर ठरते आणि तिथे नफा पाहिला जातो, हे त्यांचे म्हणणे मला काउंटरच्या अनुभवावरून पटते. मात्र संपूर्ण लेख छापण्याआधी वाचायला मिळावा, अशी त्यांची अट आहे.

त्यांची विधाने त्यांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही. परंतु लेखात एम. आर. (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) मंडळींनी विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीही आहेत, त्यामुळे पूर्ण मसुदा एका डॉक्टरांच्या हाती देणे मला अयोग्य वाटते. आत्याचा प्रसंग आठवला की, औषधांच्या मात्रेचा भाग तरी जाणकाराच्या नजरेखालून जावा असेही वाटते. आपण ही रेषा कुठे आखता? तो तांत्रिक भाग लेखात ज्यांचा उल्लेख नाही अशा दुसऱ्या डॉक्टरांकडून तपासून घेणे रास्त ठरेल का?

मथळ्याबाबतही विचारायचे आहे. लेखासोबत दोन-तीन मथळे सुचवून, अमुक परिच्छेद वगळू नये, असे मेलमध्ये आधीच लिहून कळवले तर संपादक ते मनावर घेतात का, की लेखामागे मानधन घेणाऱ्याने असे सांगणे त्यांना आगाऊपणाचे वाटते?

शेवटची अडचण चिठ्ठीची. एका रुग्णाने परवानगी देऊन चिठ्ठीचा फोटो दिला आहे आणि रुग्ण आणि डॉक्टर दोघांचीही नावे मी झाकणार आहे. पण मिरजेतला कोणताही मेडिकलवाला नुसत्या अक्षरावरून डॉक्टर ओळखेल. फोटो न छापता मजकूर टाइप करून दिला, तर वाचकाला तो पुरावा म्हणून पुरेसा वाटेल का?