मदत हवी आहे: मिरचीच्या रोपांसाठी घरी केलेला एलईडी दिवा, रोपं लांबट होताहेत, पट्टीही मंदावतेय

खाजणकाठ:
ठिकाण रत्नागिरी तालुका, खाडीपासून जवळ. पाऊस ओसरल्यावर परसात लावायला मिरचीची रोपं हवी आहेत. श्रावण-भाद्रपदात बाहेरच्या वाफ्यात रोपं कुजतात, म्हणून माजघरातल्या रॅकवर करतोय. खण ४ फूट बाय सव्वा फूट. वर ५ मीटरची लाल-निळी एलईडी पट्टी (५०५० आकाराचे, मीटरला ६० एलईडी) चार ओळींत, न कापता दुमडून चिकटवली आहे. १२ व्होल्ट ५ अँपिअरचा जाळीच्या पत्र्याचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट डीसी करून देणारा डबा) रॅकच्याच वर ठेवलाय. रोपांपासून उंची दीड फूट, दिवा रोज १० तास.

अडचणी: रोपं किडकिडीत होऊन आडवी पडतात. पट्टीचं शेवटचं टोक मंद दिसतं. एसएमपीएस तापतो, मध्येच दिवे लुकलुकतात. दोन ठिकाणी तीन-तीन एलईडी बंद पडलेत, तिथल्या तांब्यावर हिरवं आलंय. कमी खर्चात काय सुधारता येईल? जाणकारांनी सांगावं.

फेज-न्यूट्रल:
आधी विजेचं बघू. ही पट्टी मीटरला साधारण १४.४ वॅट घेते. ५ मीटरला ७२ वॅट, म्हणजे ६ अँपिअर. तुमचा एसएमपीएस ६० वॅटचा. त्याच्यावर क्षमतेपेक्षा जास्त भार आहे, म्हणून तो तापतो आणि स्वतःला वाचवायला बंद-चालू होतो. एसएमपीएस नेहमी क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंतच वापरावा, म्हणजे इथे किमान ९० वॅटचा लागेल.

टोक मंद होण्याचं कारण वेगळं. पट्टीतला तांब्याचा थर फार पातळ असतो, सगळा करंट एकाच टोकातून गेला की वाटेत व्होल्टेज पडतं. मल्टिमीटर दोन्ही टोकांना लावून बघा. सुरुवातीला १२ आणि शेवटी १० च्या खाली असेल तर निदान पक्कं. उपाय म्हणजे चारही ओळी कात्रीच्या खुणेवर कापून सुट्या करा आणि प्रत्येकीला एसएमपीएसकडून स्वतंत्र जोडवायर द्या, १ चौरस मिलिमीटरची. दुमडलेल्या जागी थर तडकतो, तोही प्रश्न त्यात सुटेल.

तीन-तीनच्या गटाने एलईडी का जातात? कारण तीन एलईडी आणि एक रेझिस्टर अशी एकेक साखळी असते. त्यातला एक सांधा गेला की तिघे विझतात. हिरवं आलंय ते खाऱ्या दमट हवेने. आपल्याकडे दाबून बसवायच्या क्लिपा टिकत नाहीत, सांध्यांना सोल्डरचा डाकच द्या, फ्लक्स (डाक देताना लावलेली राळ) पुसा आणि वर सिलिकॉन लावा. पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन मुळीच नको. त्यातलं ॲसिटिक ॲसिड तांबं खातं. ट्यूबवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं बघून घ्या.

गादीवाफा:
वरचं सगळं बरोबर, पण माझं मत स्पष्ट आहे: या पट्टीवर आणखी पैसे घालू नका. प्रत्येक साखळीत रेझिस्टर विजेचा बराच भाग नुसता तापवण्यात घालवतो, शिवाय जांभळ्या उजेडात पिवळं पडलेलं पान किंवा फुलकिडे डोळ्याला दिसत नाहीत. पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा आणि लाल दोन्ही असतात, आणि पान हिरवा उजेडही वापरतं.

४ फुटी २० वॅटच्या चार साध्या एलईडी बॅटन (ट्यूबलाइटसारख्या पट्ट्या) घ्या, ६५०० केल्विन म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाच्या. एक साधारण २००-२५० रुपयांना मिळते, ड्रायव्हर (एलईडीला योग्य करंट देणारं सर्किट) आतच असतो. प्रत्येकी सुमारे २००० ल्युमेन (दिव्यातून निघणारा एकूण उजेड) धरले तर चार मिळून ८०००. त्यातला साठ टक्के उजेड रोपांवर पोचला तरी तुमच्या जवळपास ०.४६ चौरस मीटर खणात १०,००० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन) मिळतात. मिरचीच्या रोपांना ८ ते १२ हजार पुरतात. मात्र साठ टक्के तेव्हाच, जेव्हा खणाच्या बाजू पांढऱ्या असतील. पांढरा फ्लेक्स उलटा लावला तरी चालतो. मोबाईलच्या लक्स ॲपने तपासा, फोन रोपांच्या उंचीवर, पडदा वर करून. आकडा अंदाजाचा असतो, पण उंची ठरवायला पुरेसा. जांभळ्या पट्टीखाली मात्र हे मोजमाप फसवं.

उंची दीड फूट फार झाली. बॅटन शेंड्यांपासून १५ ते २० सेंटिमीटरवर टांगा, दोरीला गाठी मारून, म्हणजे रोपांबरोबर वर सरकवता येतील. आणि १० नाही, १४ तास द्या. मळभाच्या दिवसांत माजघरात खिडकीचा हिशेब धरूच नका. खर्च: ८० वॅट गुणिले १४ तास, दिवसाला सव्वा युनिटच्या आत.

बी रुजायला उजेड लागत नाही, पण पहिला कोंब मातीबाहेर दिसला त्याच दिवशी दिवा लावा. दोन दिवस उशीर झाला तरी रोप लांबतं आणि मग ते आखूड होत नाही. आत्ताची जी उभी आहेत ती कपात बीजपत्रांच्या खालपर्यंत खोल लावा, आडवी पडलेली सोडून द्या.

आडवं पडण्यामागे मर रोगही असू शकतो. देठ मातीलगत पाणचट, बारीक झालाय का बघा. असेल तर पाणी वरून शिंपडणं बंद, ट्रेमधून खालून द्या, आणि संगणकातला १२ व्होल्टचा छोटा पंखा मंद वाऱ्यासाठी लावा. तुमचा जुना एसएमपीएस त्यालाच वापरा. कोकोपिटमध्ये ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून ठेवणं चांगलं.

खाजणकाठ:
दोघांचे मनापासून आभार. देठ मातीलगत ठीक आहेत, म्हणजे उजेडच कमी. बाजारात ५० वॅटची ‘ग्रो लाइट’ चिप दिसली, ड्रायव्हर न लावता थेट २३० व्होल्टवर चालते, बॅटनपेक्षा स्वस्त. ती घेऊ का? आणि वीज सारखी जाते, टायमर कोणता?

फेज-न्यूट्रल:
ती चिप नको. त्यात मेन्स आणि एलईडी यांच्यामध्ये विलगीकरण नसतं. इन्सुलेशनचा पातळ थर गेला तर मागच्या पत्र्यात फेज उतरतो, आणि तुम्ही ओल्या हाताने रोपं हाताळणार. शिवाय मोठा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नसेल तर ती लवकर जळते.

बॅटनलाही ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती होताच वीज तोडणारा स्विच) हवाच. एसएमपीएस रॅकवरून काढा, त्याची २३० व्होल्टची टर्मिनलं उघडी असतात. भिंतीवर, पाण्यापासून बाजूला, हवेशीर खोक्यात बसवा. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी झोळातूनच खाली पडेल. परतीच्या पावसात गडगडायला लागलं की प्लग काढून ठेवा.

टायमर बॅटरी असलेला डिजिटल घ्या. चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो, रोज मागे पडत जातो आणि आठवड्याभरात दिवे मध्यरात्री लागतात.

गादीवाफा:
एक राहिलं. १०,००० लक्समध्ये वाढलेलं रोप ऑक्टोबरच्या लाखभर लक्सच्या उन्हात थेट नेलं तर पानं पांढरी पडून करपतात. लावणीआधी आठवडाभर पडवीत ठेवा: पहिले दोन दिवस सावलीत, मग सकाळचं तासभर ऊन, रोज थोडं वाढवत. त्या आठवड्यात पाणी कमी करा, खत देऊ नका.