स्पिन हॉल कोनाच्या शर्यतीत प्लॅटिनम उगाच मागे पडलंय का?

चुंबकवेडा
जड धातूच्या पातळ थरातून साधा विद्युतप्रवाह सोडला की वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर उलट स्पिनचे (स्पिन म्हणजे इलेक्ट्रॉनचं अंगभूत चुंबकत्व) इलेक्ट्रॉन जमतात. द्याकोनोव्ह आणि पेरेल यांचं हे 1971 चं भाकीत. प्रवाहातला किती हिस्सा स्पिनप्रवाह झाला, ते गुणोत्तर म्हणजे स्पिन हॉल कोन (नाव कोन, मोजायचं गुणोत्तर, असो). कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने 2011 ला प्लॅटिनममध्ये तो 0.07 च्या आसपास मोजला, 2012 ला बीटा-टँटलममध्ये (बीटा, अल्फा ही एकाच धातूच्या वेगवेगळ्या स्फटिकरचनांची नावं) 0.15 पर्यंत, बीटा-टंगस्टनमध्ये 0.3. तेव्हापासून जो तो आकड्याच्या मागे. पण टँटलमची रोधकता 190 मायक्रोओम-सेंटीमीटर, प्लॅटिनमची 20 च्या घरात. तेवढ्याच स्पिनप्रवाहासाठी जळणारी वीज म्हणजे रोधकता भागिले कोनाचा वर्ग. गणित करा, टँटलम दुप्पट खातं.

टंगस्टनवाला
टंगस्टन सोयीस्करपणे वगळलंत! आणि या स्पिनप्रवाहाने चुंबक उलटवून माहिती साठवणाऱ्या मेमरीत विजेआधी प्रवाह बघतात. प्रवाह वाढला की ट्रान्झिस्टर रुंद करावा लागतो, जागा तोच अडवतो. तिथे मोठा कोनच कामाला येतो.

चुंबकवेडा
बीटा-टंगस्टन टिकतं कुठे? गेल्या महिन्यात 5 नॅनोमीटरचा थर झकास आला. त्याच टार्गेटवरून (ज्या धातूच्या तुकड्यातून अणू उडवून थर घालतात तो) 12 चा घातला तर रोधकता धाडकन खाली. अल्फा झालं, कोनही गेला. शिवाय थर इतका रोधक की निम्मा प्रवाह शेजारच्या पर्मअलॉय या निकेल-लोहाच्या चुंबकी थरातूनच पळतो.

टंगस्टनवाला
12 हवाच कशाला? स्पिन काही नॅनोमीटरांतच विरतो, त्याखालचा थर नुसता वीज पितो. पर्मअलॉय सोडा, 1 नॅनोमीटर कोबाल्ट-लोह-बोरॉनचा चुंबकी थर घ्या, तुमची गळती आटोक्यात येते. आणि प्लॅटिनमचे ते 20 जाड थराचे. पातळ केलंत की चढतात.

काठावरचा
दोघेही कोन ठाम धरून भांडताय. प्लॅटिनममध्ये स्पिन किती अंतर टिकतो, याचे छापील आकडे 1 पासून 10 नॅनोमीटरपर्यंत आहेत. त्यातला कुठला धरता, सीमेवर किती स्पिन हरवला मानता, यावर कोन ठरतो.

चुंबकवेडा
20 चा मुद्दा मान्य, पण तो माझ्याच बाजूचा आहे. प्लॅटिनममध्ये परिणाम मुख्यतः स्फटिकाच्या इलेक्ट्रॉन-पट्ट्यांतून येतो, म्हणून स्पिन हॉल वाहकता (कोन भागिले रोधकता) फारशी हलत नाही आणि रोधकतेबरोबर कोनही चढतो. खालचा वर्ग वरच्या रोधकतेला मागे टाकतो. म्हणजे थोडं मळकट प्लॅटिनम शुद्धापेक्षा कमी वीज खाईल.

टंगस्टनवाला
मळकट करत करत शेवटी तुम्हीही 100 च्या वर जाणार. मग शेजारच्या चुंबकातून प्रवाह पळतो ही तक्रार कोणाची?