अंदमानची वेगवान कॅटामरान: तिचा पल्ला कुठवर?

सहलप्रमुख (प्रश्नकर्ते)

नमस्कार. आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाची जानेवारीत अंदमानची सहल ठरली आहे. पोर्ट ब्लेअर, म्हणजे २०२४ पासूनचे श्री विजयपुरम, ते स्वराज द्वीप हा टप्पा खासगी कॅटामरानने (दोन सांगाड्यांच्या वेगवान बोटीने) करावा की सरकारी बोटीने, यावर मंडळात दोन तट पडले आहेत. कॅटामरान साधारण दीड तासात पोहोचते आणि सरकारी बोटीला अडीच तासांच्या आसपास लागतात, एवढे ठाऊक आहे. तिकिटाच्या दरांतील मोठ्या फरकाचे आम्ही पाहून घेऊ. माझ्या शंका निराळ्या आहेत. दोन सांगाड्यांची बोट अधिक स्थिर असते असे सर्वच जण म्हणतात. मग तिच्यातही इतक्या लोकांना बोट का लागते? आणि ती एवढी वेगवान असेल, तर चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला जाणाऱ्या जहाजाला जवळजवळ तीन दिवस लागत असताना त्या मार्गावर कॅटामरान का नाही? नवी बोट आली की केवळ पर्यटकांची सोय होते की बेटावर राहणाऱ्यांचीही, हेही जाणकारांनी सांगावे.

दर्यावर्दी

जहाजबांधणीच्या क्षेत्रात काम केलेले असल्याने पहिल्या दोन शंकांपुरते लिहितो.

कोणतीही बोट पुढे जाताना पाणी बाजूला सारते, त्यातून लाटा उठतात आणि इंजिनाची बरीच शक्ती या लाटा उठवण्यातच खर्च होते. रुंद सांगाड्याच्या (सांगाडा म्हणजे बोटीचे पाण्यात बसणारे धड) बोटीचा वेग एका मर्यादेपलीकडे वाढवू लागलो, की हा खर्च भरमसाट वाढतो. ढोबळ हिशेबाने वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट लागते. अरुंद सांगाडा पाणी कमी विस्कटतो, पण एकटा अरुंद सांगाडा उलटण्याचा धोका असतो. म्हणून दोन अरुंद सांगाडे एकमेकांपासून दूर ठेवून वरून जोडायचे, वजन कमी राखण्यासाठी ॲल्युमिनियम वापरायचे आणि पंख्यांऐवजी बहुधा वॉटरजेट (पाणी आत ओढून जोराने मागे फेकणारे यंत्र) बसवायचे, अशी ही रचना आहे.

आता बोट लागण्याविषयी. कॅटामरान फार कलत नाही, हे खरेच आहे. मात्र तिचा पसारा रुंद असल्याने ती कलली की झटक्याने सरळ होते. एकाच सांगाड्याचे जहाज संथपणे डोलते, तर हिचे हेलकावे लहान पण तुटक असतात. लाट मागून तिरपी येत असेल तेव्हा दोन्ही सांगाडे निरनिराळ्या वेळी लाटेवर चढतात आणि बाजूचे डोलणे व पुढचे-मागचे डोलणे एकमेकांत मिसळते. माणसाला सर्वांत जास्त त्रास देते ती साधारण पाच सेकंदांत एकदा होणारी वर-खाली हालचाल, हे अभ्यासातून दिसून आले आहे. त्यावर उपाय म्हणून पाण्याखाली पंखांसारखी पाती आणि मागच्या टोकाला हलत्या झडपा बसवतात. त्यांनी हेलकावे कमी होतात, नाहीसे होत नाहीत. शिवाय अशा बोटींचा प्रवासी कक्ष बहुधा बंद आणि वातानुकूलित असतो. सरकारी बोटीत डेकवर येऊन वाऱ्याला उभे राहता येते आणि क्षितिजाकडे पाहता येते. मळमळीवर त्याचा चांगला उपयोग होतो.

चेन्नईचे म्हणाल, तर वेगवान प्रवासी नौकांसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची स्वतंत्र संहिता आहे. तिच्यानुसार अशी नौका प्रवासात कुठेही असली तरी तिच्या कमाल वेगाच्या नव्वद टक्के वेगाने चार तासांच्या आत आसऱ्याची जागा गाठता आली पाहिजे. ३० नॉट (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) कमाल वेगाच्या बोटीसाठी हा हिशेब २७ नॉटने चार तास, म्हणजे १०८ सागरी मैल किंवा सुमारे २०० किलोमीटर असा होतो. चेन्नई ते पोर्ट ब्लेअर हे अंतर १,१०० किलोमीटरहून अधिक आहे आणि मधे एकही बेट नाही. संहिता मुळात आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी असली, तरी तिच्यामागचे कारण देशांतर्गत समुद्रातही तेवढेच लागू पडते: हलक्या सांगाड्याची बोट बंदराच्या हाकेपलीकडे वादळात सापडता कामा नये. मे २०२४ मध्ये मंगळुरूहून लक्षद्वीपचा प्रवास एका वेगवान नौकेने सुमारे सात तासांत केला होता. तो या हिशेबात बसतो, कारण मध्यावरून कोणताही किनारा साडेतीन तासांवर राहतो. चेन्नईइतक्या लांबीच्या प्रवासाचे इंधन वाहून न्यायचे तर प्रवाशांना जागा किती उरेल, हा प्रश्न तर वेगळाच.

फिनिक्सबे_रहिवासी

नोकरीनिमित्त बरीच वर्षे पोर्ट ब्लेअरला असल्यामुळे तिसऱ्या शंकेबद्दल लिहिते.

बेटावरील माणूस बोट निवडताना मिनिटे मोजत नाही; आज बोट सुटणार का, हे तो आधी विचारतो. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी दर्या खवळलेला असतो आणि त्यानंतर डिसेंबरपर्यंत बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस असतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवेने बोटी बंद पडून स्वराज द्वीप (तेव्हाचे हॅवलॉक) आणि नील येथे शेकडो पर्यटक अडकले आणि अखेर नौदलाला जहाजे पाठवून त्यांना आणावे लागले. हवा फारच बिघडली तर सरकारी बोटही थांबते. पण स्थानिकांना सवलतीच्या दरात नेणारी आणि पर्यटक नसतानाही ठरल्या वेळी सुटणारी बोट तीच आहे. खासगी बोटीचे गणित पर्यटकांवर उभे असते, आणि त्यात गैर काही नाही. सरकारी बोटींवरची गर्दी त्यामुळे हलकी होते, हा आमचा फायदाच आहे. फक्त उद्या कोणी 'आता कॅटामरान आहेत, सरकारी फेऱ्या कशाला हव्यात' असे म्हणू नये.

जुना_मुंबईकर

फिनिक्सबेताईंची भीती निराधार नाही, याचे उदाहरण जपानमध्ये आहे. सादो बेटाच्या नाओएत्सु–ओगी मार्गावर २०१५ मध्ये टास्मानियातील इनकॅट कंपनीने बांधलेली 'अकाने' ही मोटारी नेणारी कॅटामरान आली आणि दोन तास चाळीस मिनिटांचा प्रवास एक तास चाळीस मिनिटांवर आला. ती जुन्या फेरीबोटीच्या जोडीला आली नव्हती, तिच्या जागी आली होती. जपानच्या समुद्रातील लाटांत तिच्या डुलण्याबद्दल तक्रारी झाल्या आणि काही वर्षांतच ती विकली गेली. त्यानंतर त्या मार्गावर जेटफॉइल (पाण्याखालच्या पंखांवर उचलून धावणारी वेगवान बोट) आले, ज्यात मोटार नेताच येत नाही. याउलट ब्रिटन आणि आयर्लंडच्या मधल्या आयल ऑफ मॅन बेटावर 'मॅनानन' ही कॅटामरान मुख्यतः उन्हाळी हंगाम सांभाळते आणि हिवाळ्याचा भार नेहमीच्या बांधणीचे जड जहाज वाहते. तिथे व्यवस्था टिकली, कारण वेगवान बोटीच्या भरवशावर कोणी मोठी बोट मोडीत काढली नाही.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात दमानियांची मुंबई–गोवा कॅटामरान होती. ती टिकली नाही, पण तिथे रस्ता आणि पुढे कोकण रेल्वे असे पर्याय होते. बेटाला तो पर्याय नसतो.

उत्तरेचा_प्रवासी

चर्चा स्वराज द्वीपापुरतीच राहिली आहे, म्हणून थोडे वेगळे मांडतो. वेगवान बोटीची खरी निकड उत्तरेकडे, म्हणजे रंगत, मायाबंदर आणि दिगलीपूरला आहे. पोर्ट ब्लेअर ते दिगलीपूर हा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये या क्षेत्रातील रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता. तरीही या क्षेत्राच्या तोंडाशी असलेल्या जिरकाटांगहून वाहनांचे ताफे सुटतच राहिले. २०१७ मध्ये याच रस्त्यावरील बाराटांग बेटासाठी पर्यायी सागरी मार्ग सुरू झाला, पण बहुतेक पर्यटक अजूनही रस्त्यानेच जातात. स्वराज द्वीपाच्या मार्गावर आणखी एक कॅटामरान घालण्याऐवजी एखादी उत्तरेकडे चालवली, तर जारवांच्या अंगणातून जाणारी वर्दळ कमी होईल. खासगी कंपनीला हे परवडणार नाही हे मला कळते. म्हणूनच हे अनुदान देऊन करण्याचे काम आहे असे माझे मत आहे.

फिनिक्सबे_रहिवासी

तत्त्वतः मान्य. मात्र तो पल्ला लांब आहे आणि पूर्व किनारा ईशान्य वाऱ्यांना उघडा आहे. रस्ता पूर्ण बंद करून केवळ कॅटामरानवर विसंबणे दिगलीपूरच्या रुग्णाला परवडणार नाही. आधी बोट वर्षभर चालवून दाखवावी, मग ताफे कमी करावेत.

सहलप्रमुख

सर्वांचे आभार. आम्ही जाताना कॅटामरान आणि येताना सरकारी बोट असे ठरवत आहोत. कॅटामरानमध्ये पुढच्या मोठ्या काचेजवळच्या जागा घ्याव्यात का? आणि परतीच्या विमानाआधी किती मोकळीक ठेवावी?

दर्यावर्दी

काका, पुढच्या जागा टाळा; नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, वर-खाली हालचाल सर्वांत जास्त असते. खालच्या मजल्यावरील, बोटीच्या मध्याच्या किंचित मागच्या जागा घ्याव्यात. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारूनच आणि बोट सुटण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास घ्यावी, मळमळ सुरू झाल्यावर नव्हे. परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी ठेवू नका. शेवटचा मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच करा आणि सेल्युलर जेल त्या दिवसासाठी राखून ठेवा, म्हणजे बोट एक दिवस चुकली तरी विमान चुकणार नाही.