‘व्हिशिएट’ कुठे आणि कसं वापरायचं?

शब्दशोधी
एका इंग्रजी निकालपत्राचा मराठी अनुवाद चालू आहे. त्यात एके ठिकाणी ‘कन्सेंट व्हिशिएटेड बाय फ्रॉड’ आहे, पुढे ‘द ट्रायल स्टँड्स व्हिशिएटेड’ आहे. कोशात ‘व्हिशिएट’चे (vitiate) बिघडवणे, भ्रष्ट करणे, निष्प्रभ करणे असे तीन अर्थ सापडले. दोन्हीकडे ‘रद्द झाले’ लिहिलं तर चालेल का?

कलमबहाद्दर
पहिल्या ठिकाणी अजिबात नाही. १८७२ च्या करार कायद्यात कलम १४ मध्ये संमती मोकळी नसण्याची पाच कारणं आहेत: बळजबरी, अवाजवी दबाव, कपट, दिशाभूल करणारं कथन आणि चूक. पहिल्या चारांत करार आपोआप मरत नाही. ज्याची संमती अशी मिळवली, त्याला तो मोडायची मुभा मिळते (कलम १९ आणि १९अ), आणि हवा असेल तर तो पाळूही शकतो. करार मुळातच रद्दबातल ठरतो तो कलम २० खाली, म्हणजे महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल दोन्ही पक्षांची चूक झाली असेल तर. म्हणून ‘संमती कपटाने दूषित झाली’ इथेच थांबा. पुढचा परिणाम न्यायाधीश सांगतील, तो अनुवादात आधीच घुसडू नका.

कलम १९ चं स्पष्टीकरणही बघून ठेवा. विकणाऱ्याने विहिरीच्या पाण्याबद्दल थाप मारली, पण घेणाऱ्याने तिच्यावर विसंबून होकार दिलाच नसेल, तर त्या थापेमुळे करार मोडता येत नाही. थाप होती, पण संमती दूषित झाली नाही.

खटल्याचं प्रकरण वेगळं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४६० आणि ४६१ च्या शीर्षकांतच हे क्रियापद आहे (नागरिक सुरक्षा संहितेत आता ५०६ आणि ५०७). अधिकार नसताना दंडाधिकाऱ्याने चुकून पण सद्भावनेने झडतीचं वॉरंट काढलं, तर तेवढ्यावरून कार्यवाही बाद होत नाही. अधिकार नसताना आरोपीवर खटलाच चालवला, तर ती शून्य. तिथे शीर्षकात ‘व्हिशिएट’ आणि मजकुरात ‘व्हॉइड’ आहे. पण तुमच्या निकालातला दोष ४६१ मधला आहे की ४६५ मधला (आता ५११), ते आधी पाहा. ४६५ मध्ये न्यायहानी झाली असेल तरच निकाल फिरतो. खात्री होईपर्यंत ‘खटला दूषित ठरतो’ हेच बरं.

मात्रावेलांटी
उच्चार ‘व्हिशिएट’, आघात पहिल्या अवयवावर. ‘व्हिटिएट’ वाचणारे बरेच भेटतात. मूळ लॅटिन ‘विटियम’, म्हणजे दोष; ‘व्हाइस’ आणि ‘व्हिशस’ त्याच घरातले. ‘व्हिटॅमिन’शी नातं नाही, ते ‘विटा’ म्हणजे जीवन यावरून आलं.

वापर बहुतेक कर्मणी, पुढे ‘बाय’, आणि बिघडणारी गोष्ट सहसा अमूर्त: संमती, युक्तिवाद, निवडणुकीचं वातावरण. दुधात पाणी घातलं तर ‘अडल्टरेट’, साक्षीदार फोडला तर ‘सबॉर्न’, संगणकातली फाइल बिघडली तर ‘करप्ट’. या तिन्ही जागी ‘व्हिशिएट’ घालणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत काळा कोट.

आयुर्वेदाच्या इंग्रजी पुस्तकांत मात्र हा शब्द पानोपानी आहे. तिथून मराठीत आणताना मूळ संस्कृत गाठा, कारण ‘प्रकुपित वात’ आणि ‘दुष्ट रक्त’ या दोघांनाही अनुवादक बिनदिक्कत ‘व्हिशिएटेड’ लावतात. सरसकट ‘दूषित’ लिहिलंत तर वैद्य हसतील.

शब्दशोधी
आभार. निकालात ‘फ्रॉड व्हिशिएट्स एव्हरीथिंग’ हे इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्या नावावर आहे. तेही तसंच ठेवू?

कलमबहाद्दर
अनुवादात निकालपत्रात आहे तसंच ठेवा, हवं तर अनुवादकाची टीप द्या. १९५६ च्या लाझारस इस्टेट्स विरुद्ध बीझली या निकालात डेनिंग यांचं वाक्य ‘फ्रॉड अनरॅव्हल्स एव्हरीथिंग’ (कपट सगळंच उसवून टाकतं) असं आहे. ‘व्हिशिएट्स’ त्याच परिच्छेदात पुढच्या वाक्यात येतं, आणि तेही कपट सिद्ध झाल्यावर निवाडे, करार आणि सगळे व्यवहार दूषित होतात अशा अर्थाने. दोन्ही वाक्यांची सरमिसळ होऊन तुमची ओळ झाली आहे.